मिसळणीचा हुन्नर : रबर आणि प्लास्टिक यांच्या जडणघडणीची कथा



घरातील एक साधा अनुभव आठवून पाहा. न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली आठ-दहा वर्षे सहज काम देते. तीच बादली अंगणात उन्हात पडून राहिली, तर दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा रंग उडतो, अंगावर बारीक चिरा पडतात, आणि एके दिवशी भरलेली बादली उचलताना कडी हातात राहते व पाणी पायांवर सांडते. पण वर गच्चीवर पाण्याची काळी टाकी वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोशीत उभी असते. बादली आणि टाकी या दोन्ही जवळजवळ एकाच कुळातल्या प्लास्टिकच्या. मग असे का व्हावे?

याचे उत्तर प्लास्टिकमध्ये जे मिसळलेले असते, त्यात आहे. निव्वळ शुद्ध प्लास्टिकची वस्तू आपल्या हाती क्वचितच येते. जी येते, तिच्यात मऊपणा आणणारे, उष्णतेपासून राखणारे, उन्हाला तोंड देणारे, आगीला आवर घालणारे, रंग देणारे असे काही ना काही मिसळलेले असते. कधी ते हजार भागांत एखादाच भाग असते, तर कधी निम्मे. डाळ-तांदूळ घरोघरी तेच. पण एकीच्या हातचे जेवण आठवणीत राहते ते मिठामसाल्याच्या मापामुळे. प्लास्टिकचेही तसेच आहे. या मिसळायच्या पदार्थांना आपण ‘पूरक द्रव्ये’ म्हणू. त्यांचा इतिहास सुमारे पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यात जिद्द आहे, दैवाची साथ आहे. आणि ज्यांचा हिशोब पुढच्या पिढ्यांना चुकता करावा लागला, अशा चुकाही आहेत. प्रस्तुत लेखात ही कथा थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न आहे.

गंधकाची करामत

कथेची सुरुवात प्लास्टिकच्या आधी, रबरापासून करावी लागते. १८३० च्या सुमारास अमेरिकेत रबराच्या वस्तूंचे वेड पसरले होते. पाणी न शोषणारे बूट, कोट, पिशव्या यांसाठी कारखाने निघाले. परंतु झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर हिवाळ्यात लाकडासारखे ताठ होई आणि उन्हाळ्यात वितळून चिकट होई. गिऱ्हाईक माल परत करू लागले आणि कारखाने बुडाले.

चार्ल्स गुडइयर हा लोखंडी सामानाचा एक दिवाळे निघालेला व्यापारी. १८३४ साली रबराच्या मालाची ही दुर्दशा त्याला कळली आणि त्याने ठरवले की यावर उपाय आपणच शोधायचा. तो रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. हाती येईल तो पदार्थ रबरात मिसळून पाहायचा, एवढीच त्याची पद्धत. मॅग्नेशिया झाला, चुना झाला, नायट्रिक ॲसिड झाले. ॲसिडाने पृष्ठभाग कोरडा झाला म्हणून त्याने टपाल खात्यासाठी पिशव्या बनवल्या. पण उन्हाळा येताच त्याही चिकट झाल्या, कारण गुण वरच्या पापुद्र्यापुरताच आला होता. कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला.

नॅथॅनिएल हेवर्ड नावाच्या माणसाकडून त्याला गंधकाचा धागा मिळाला. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या चुलीला लागले, तेव्हा ते वितळले नाही. कातड्यासारखे करपले, आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचीक, कोरडे, टिकाऊ रबर तयार झालेले दिसले. नेमके किती गंधक, किती उष्णता आणि किती वेळ, हे ठरवायला त्याला पुढे कित्येक वर्षे लागली. अमेरिकन पेटंट मिळाले १८४४ साली. त्याआधीच, १८४३ मध्ये, इंग्लंडात टॉमस हॅनकॉकने आपला अर्ज दाखल केला होता. गुडइयर १८६० साली वारला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे दोन लक्ष डॉलरचे कर्ज होते. आज टायरवर त्याचे नाव आपण वाचतो, पण ती कंपनी त्याची नव्हे. ती १८९८ साली इतरांनी काढली आणि त्याच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले.

गंधकाने केले तरी काय? रबर म्हणजे अतिशय लांब रेणूंचा गुंता. उष्णतेने हे धागे एकमेकांवरून घसरतात. गंधक त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी पूल बांधते. मग धागे ताणले जातात, पण सुटून जात नाहीत. ही गोष्ट गुडइयरला ठाऊक नव्हती, आणि असणे शक्यही नव्हते. असे लांबच लांब रेणू असतात हा विचार जर्मनीच्या हेरमान श्टाउडिंगरने १९२० साली मांडला. त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांनी तो मानला नाही. श्टाउडिंगरला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली. म्हणजे कारागीर शास्त्रज्ञाच्या ऐंशी वर्षे पुढे चालत होता, पण अंधारात चाचपडत.

पुढे १९०६ साली अमेरिकेत जॉर्ज ओएनस्लॅगरने ही क्रिया वेगाने घडवणारी सेंद्रिय द्रव्ये शोधली. पहिले होते ॲनिलीन. ते कामगारांना विषारी, म्हणून त्याने त्याऐवजी दुसरे द्रव्य शोधून वापरले. १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील रबर कारखान्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली : अत्यंत बारीक काजळी रबरात मिसळली की ते झिजेला कित्येक पटींनी अधिक टिकते. तोवर टायर पांढुरके असत. टायर काळा झाला तो या काजळीमुळे, शोभेसाठी नव्हे. ही काजळी लक्षात असू द्या. तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

कापूर आणि लाकडाचा भुसा

आता प्लास्टिककडे वळू. कापसावर नायट्रिक ॲसिडाची क्रिया केली की नायट्रोसेल्यूलोज मिळते. त्यापासून बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सने ‘पार्केसाइन’ बनवले आणि १८६२ च्या लंडन प्रदर्शनात ते मांडले. लोकांनी कौतुक केले, पदकही मिळाले. १८६६ मध्ये कंपनी निघाली आणि १८६८ मध्ये बुडाली. मालाचा दर्जा राखता आला नाही. वस्तू वाकत, तडकत.

त्याच काळात अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हा मुद्रणाच्या धंद्यातील तरुण हस्तिदंताला पर्याय शोधत होता. बिलियर्डच्या चेंडूंना हस्तिदंत लागे आणि ते महाग होत चालले होते. पर्याय देणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. कापूर पार्क्सनेही वापरून पाहिला होता. पण नायट्रोसेल्यूलोजमध्ये कापूर मिसळून उष्णता आणि दाब दिला की ते हवे तसे साच्यात बसते, हे मर्म हायटने ओळखले. १८७० साली त्याला पेटंट मिळाले. हेच सेल्युलॉइड. कंगवे, चष्म्याच्या काड्या, बाहुल्या आणि पुढे सिनेमाच्या फिती त्यापासून झाल्या.

एका पूरक द्रव्याने बुडालेला धंदा तारला. पण मूळ पदार्थाचा ज्वालाग्राही स्वभाव कापराने गेला नाही. त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचली : २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींच्या भांडाराला आग लागली आणि भारतीय सिनेमाचा अमोल ठेवा भस्म झाला.

यानंतर आला बेकलाइट. लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून १९०७ साली हा पदार्थ सिद्ध केला. जुन्या घरांतील काळे गोल विजेचे स्विच ज्यांनी पाहिले असतील, त्यांना तो परिचित आहे. पण नुसती ही राळ काचेसारखी ठिसूळ असते. तिच्यात लाकडाचा बारीक भुसा, पुष्कळदा वजनाच्या निम्म्याच्या आसपास, मिसळला तेव्हा ती आघात सोसू लागली. भर घातल्याने माल स्वस्त होतो हे खरे. पण योग्य भर घातली तर तो मजबूतही होतो, हा धडा बेकलाइटने उद्योगाला दिला.

निरुपयोगी पुडीचे भाग्य

मिसळणीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी. ही पांढरी पूड १८७२ साली जर्मनीत ऑयगेन बाउमान याने वर्णन करून ठेवली होती. १९१२ च्या सुमारास फ्रिट्झ क्लाट्टे याने ती उद्योगात आणण्याचा प्रयत्न केला, पण ती तापवावी तर मऊ होण्याआधीच काळी पडे. कंपनीने अखेर पेटंटचा हक्क सोडून दिला.

१९२६ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात, बी. एफ. गुडरिच कंपनीत, वाल्डो सीमन हा तरुण रसायनज्ञ रबर धातूला चिकटवणारे द्रव्य शोधत होता. त्याने ही पूड जास्त तापमानाला उकळणाऱ्या तेलकट द्रवात तापवली. थंड झाल्यावर तळाशी राहिला एक लवचीक, रबरासारखा गोळा. धातूला तो चिकटेना. पण पाणी त्यातून जाईना आणि ॲसिडाचाही त्यावर फारसा परिणाम होईना. असे सांगतात की सीमनने या पदार्थाचा लेप दिलेले कापड आपल्या वरिष्ठांच्या टेबलावरील कागदांवर पसरले आणि त्यावर सरळ तांब्याभर पाणी ओतले. कागद कोरडे राहिले आणि संशोधनाला परवानगी मिळाली. पुढे रेनकोट, छत्र्या, विजेच्या तारांची वेष्टने, रेक्झिनची आसने हे सारे यातून आले. सीमन १९९९ साली वारला, वयाच्या शंभराव्या वर्षी.

या तेलकट द्रवाचे काम ज्या घरात पुरणपोळी होते, तिथे समजावून सांगण्याची गरज नाही. कणकेत तेल मुरवले की ती सैल पडते आणि पातळ लाटता येते. पीव्हीसीचे लांब रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलकट द्रवाचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात आणि त्यांना हलायला जागा करून देतात. पण ते तिथे बांधलेले नसतात, नुसते वस्तीला असतात. म्हणून जुन्या रिक्षाचे आसन काही वर्षांनी ताठ होऊन फाटते : वस्तीला आलेला पाहुणा हळूहळू निघून गेलेला असतो.

पूड काळी पडण्याचे कारणही नंतर उमगले. तापल्यावर पीव्हीसीमधून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटते आणि सुटलेले ॲसिड ही झीज आणखी वाढवते. विणीचा एक टाका निसटला की पुढचे निसटतात, तसे हे आहे. यावर शिशाचे क्षार घालण्याचा उपाय सापडला. ते ॲसिडाला जागच्या जागी पकडतात. उपाय स्वस्त होता आणि गुणकारीही होता. त्यामुळे पाण्याचे पाइप घरोघर पोहोचले. मात्र शिसे हे शिसेच. त्याचा हिशोब पुढे येतो.

ऊन आणि हवा

१९५४ साली इटलीत जुलिओ नाटा याने पॉलिप्रॉपिलीन बनवले. हलके, ताठ, उकळते पाणी सोसणारे असे हे प्लास्टिक; पण एक मोठे वैगुण्य त्यात होते. त्याला हवेतील ऑक्सिजन लवकर गाठतो, आणि काही न मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन थोड्याच काळात ठिसूळ होते. तेल खवट होते तसाच हा प्रकार. ही क्रिया साखळीने कशी पसरते हे बोलंड आणि गी यांनी १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रबर व तत्सम पदार्थांचा अभ्यास करून दाखवले होते. साखळी कळली म्हणून ती तोडता आली. विशिष्ट फिनॉलवर्गीय द्रव्ये हजारांत एक-दोन भाग घातली की ती या साखळीची कडी आपल्या अंगावर घेतात आणि प्लास्टिक वाचते. येथे प्रथम शास्त्र पुढे होते आणि कारखाना त्याच्या मागून चालत होता. गुडइयरच्या आणि या काळातला फरक तो हाच.

आता आपल्या काळ्या टाकीकडे परत येऊ. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण प्लास्टिकचे रेणू तोडतात. टाकीच्या प्लास्टिकमध्ये साधारण दोन टक्क्यांच्या आसपास काजळी घातलेली असते. टायरला बळ देणारी तीच काजळी इथे हे किरण स्वतः शोषून घेते आणि टाकी टिकते. रंगीत वस्तूंना काजळी चालत नाही, म्हणून १९७० च्या दशकापासून त्यांच्यासाठी वेगळी प्रकाशरक्षक द्रव्ये बाजारात आली. ती महाग असतात. पैसे वाचवण्यासाठी ती न घातलेली बादली दुकानात दिसायला अगदी तशीच असते; फरक कळतो तो दोन उन्हाळ्यांनंतर.

दोन प्लास्टिकांची सोयरीक

द्रव्ये मिसळून भागेना, तेव्हा दोन प्लास्टिकच एकत्र आणण्याचा विचार पुढे आला. एकाचा ताठपणा, दुसऱ्याचा चिवटपणा. पण बहुतेक प्लास्टिके तेल-पाण्यासारखी एकमेकांत मिसळत नाहीत. नुसती वितळवून एकत्र केली तर त्यांच्या सांध्यावरच तडा जातो.

पॉलिस्टायरीन स्वच्छ, चकचकीत, पण ठिसूळ. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यात रबराचे सूक्ष्म कण अशा रीतीने बसवण्यात आले की ते पॉलिस्टायरीनला रासायनिकरीत्या जोडलेले राहतील. तडा पुढे सरकू लागला की या कणांपाशी त्याचा जोर ओसरतो. याच विचारातून एबीएस हे प्लास्टिक आले. मोटारसायकलचे भाग, हेल्मेटे, संगणकाचे कीबोर्ड त्याचेच. १९६६ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘नोरिल’ बाजारात आणले. त्यातील एक घटक उष्णता उत्तम सोसतो, पण साच्यात ओतायला फार अवघड. त्याला पॉलिस्टायरीनची जोड दिली, आणि नवल असे की ही दोन्ही खरोखरच एकजीव होतात. अशी जोडी विरळाच.

जिथे मने जुळत नाहीत, तिथे मध्यस्थ लागतो. एक टोक एका प्लास्टिकला आणि दुसरे टोक दुसऱ्याला धरील, असे रेणू घडवण्यात आले. साबण तेलाला आणि पाण्याला एकत्र धरतो, तसेच हे काम. १९७० च्या दशकात नायलॉन आणि रबर यांची अशीच जोड घालून अतिशय चिवट नायलॉन तयार झाले. १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी तर नायलॉनमध्ये माती घातली! विशिष्ट चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे सुटे करून जेमतेम चार-पाच टक्के मिसळले, तेव्हा भाराखाली वाकण्याचे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअसवरून १४० अंशांच्या पुढे गेले. मग ते मोटारीच्या इंजिनाजवळच्या भागांसाठी वापरात आले.

राहिलेला हिशोब

पालकहो, आता आपल्याशी अधिक संबंधित गोष्ट. मिसळलेले द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. ते कालांतराने बाहेर येते, आणि कुठे जाते याचा विचार सुरुवातीला फारसा कोणी केला नाही.

अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून ‘ट्रिस’ नावाचे अग्निरोधक लावीत. हेतू चांगलाच होता. परंतु १९७७ साली आर्लिन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी ते पेशींच्या जनुकांना इजा करते हे दाखवले आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. पीव्हीसी मऊ करणाऱ्या थॅलेट वर्गातील काही द्रव्यांवर लहान मुलांच्या खेळण्यांपुरते युरोपने २००५ साली आणि अमेरिकेने २००८ साली निर्बंध घातले. कारण उघड आहे : खेळणे मूल हातात कमी आणि तोंडात जास्त धरते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. पाण्याच्या पीव्हीसी पाइपांतील शिशावर युरोपीय उद्योगाने २०१५ अखेर पडदा टाकला. आपल्याकडे त्यासंबंधीचे नियम २०२१ मध्ये निघाले. कॅल्शियम आणि जस्त यांवर आधारित पर्याय उपलब्ध आहेत.

आणखी एक हिशोब धारावीसारख्या ठिकाणी रोज मांडला जातो. तेथील कारागीर प्लास्टिकचा तुकडा पाण्यात टाकून, वाकवून, त्याचा आवाज ऐकून, कधी जाळून वास घेऊन त्याची जात ओळखतात. हा हुन्नर कुठल्याही पदवीपेक्षा कमी नाही. पण जात ओळखली तरी आत काय मिसळले आहे ते नाकाला कळत नाही, आणि तो वास घेणेही छातीला हितकारक नाही. जुन्या टीव्ही-संगणकांच्या कवचातील ब्रोमीनयुक्त अग्निरोधके पुनर्वापराच्या वाटेने नव्या खेळण्यांत उतरल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. यांपैकी काही द्रव्ये २००९ साली स्टॉकहोम करारान्वये जगभर बंद करण्याचे ठरले. परंतु जुना माल अजून फिरतोच आहे.

विद्यार्थी मित्रांस

ही कथा ऐकून प्लास्टिक वाईट, असा सोपा निष्कर्ष कृपया काढू नका. रक्ताची पिशवी, विजेच्या तारेचे वेष्टन, शेताचा ठिबक पाइप यांच्यावाचून आपले चालणार नाही. निष्कर्ष असा की ज्याने मिसळायचे, त्याला मिसळणीचे पुरते ज्ञान हवे. गुडइयरच्या पदरी जिद्द होती, पण शास्त्र नव्हते. त्याचे आयुष्य कर्जात गेले. ज्यांच्या हाती शास्त्र होते, त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढचा परिणाम पाहिला नाही. त्याचे मोल मुलांनी चुकवले. ओएनस्लॅगरचे उदाहरण त्यात उठून दिसते. द्रव्य गुणकारी, पण कामगाराला घातक, असे दिसताच तो दुसऱ्याच्या शोधाला लागला.

हे ज्ञान मिळवण्याच्या वाटा आपल्या दाराशी आहेत. मुंबईत १९३३ साली सुरू झालेला विद्यापीठाचा रसायन तंत्रशास्त्र विभाग आज स्वतंत्र संस्था आहे. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा बहुवारिकांवर, म्हणजे या लांब रेणूंच्या पदार्थांवर, संशोधन करते. १९६८ साली मद्रासला स्थापन झालेल्या ‘सिपेट’ या केंद्रीय संस्थेची शाखा छत्रपती संभाजीनगर येथेही आहे, आणि तिच्या काही पदविका अभ्यासक्रमांना दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास प्रवेश मिळतो. वडील मोल्डिंगच्या यंत्रावर उभे राहतात, काका भंगाराचा व्यापार करतात, म्हणून कोणी संकोच बाळगू नये. उलट ज्या मुलाने घरी दाणा हाताळलेला पाहिला आहे, त्याला पुस्तकातले समीकरण लवकर कळते. आणि मुलींना सांगावयाचे तर, मापात मिसळणे आणि आचेचा अंदाज घेणे ही विद्या तुम्ही घरात शिकत आला आहात. प्रयोगशाळेत तिला फक्त तराजू आणि तापमापक मिळतात.

पालकांनी निदान एवढे करावे : खेळणे घेताना मानक चिन्ह पाहावे, पाइप घेताना तो शिसेविरहित आहे काय हे विचारावे, आणि अन्न कोणत्याही जुन्या डब्यात गरमागरम भरू नये.

आणि पुन्हा कधी अंगणातली बादली हातात तुटली, तर मुलाला तिचा तुकडा आणि गच्चीवरची टाकी शेजारी शेजारी दाखवा. ‘असे का?’ हा प्रश्न त्याने विचारला, की समजा, शिकवणी सुरू झाली.